बार्ट्लीमामांची गुप्त जागा

कार्नबेग बंदर, मायो
मंगळवार

तीर्थस्वरूप बार्ट्लीमामा यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या थोरल्या (आणि तिच्याच शब्दांत, वाया गेलेल्या) चिरंजीवाचा, म्हणजे फिंटनचा, मनापासून नमस्कार. हे पत्र मी खिडकीच्या फळीवर कागद ठेवून उभ्याने लिहितो आहे. वडीलधाऱ्यांना लिहिताना खुर्चीत रेलून बसणं बरं दिसत नाही. नवा गुडघा कसा आहे? स्लायगोची हवा मानवते का? ब्रीजताई तुम्हाला पाय ठेवायला स्टूल देते, की अजून त्या बिचाऱ्या कुत्र्याच्या पाठीवरच ठेवता? आई तुमच्या गुडघ्यासाठी देवळात रोज मेणबत्ती लावते आहे. गुडघा आता कारखान्यात बनलेला असल्यामुळे मेणबत्ती देवापुढे लावायची की कारखान्यापुढे, याबद्दल फादर कॉनलेथना जरा शंका आहे, पण मेणबत्तीची पेटी भरते आहे म्हणून ते गप्प आहेत. तुमची बोट ‘नोरा’ सुखरूप आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल. निदान निम्मं तरी.

आता मुद्द्यावर येतो. मुद्दा तुम्हीच आहात. दवाखान्यात जायच्या आधी तुम्ही मला धक्क्याच्या टोकाला नेलंत, इकडेतिकडे पाहिलंत (ऐकायला फक्त एक समुद्रपक्षी होता, त्यालाही तुम्ही खडा मारून उडवलंत), आजीची निळ्या मण्यांची जपमाळ शपथेसाठी माझ्या मुठीत कोंबलीत आणि कानात सांगितलंत की शाळेचा घंटेचा मनोरा मॅगिनबाईंच्या जळक्या गोठ्याच्या बरोबर डोक्यावर आला, आणि त्याच वेळी काळ्या बेटाचं नाक दफनभूमीतल्या उंच क्रुसाला टेकलं, की तिथे नांगर टाकायचा. खाली तो खडक. त्याच खडकाच्या जिवावर तुम्ही गळाच्या स्पर्धेचा चषक इतकी वर्षं घरात ठेवलात की मामी त्यात उकडलेले बटाटे निथळत ठेवायची. “ही जागा एक मला माहीत आणि एक वरच्याला,” तुम्ही म्हणालात. “आता तू तिसरा. बोललास तर आजी थडग्यात कूस बदलेल.” मामा, माझे डोळे भरून आले. कॉलेज सोडून आल्यापासून मला कोणी कोंबड्या कोंडायचं कामही विश्वासाने दिलं नव्हतं, आणि तुम्ही तर अख्खा खडक दिलात. (कॉलेज मी सोडलं, मला काढलेलं नाही, हे ब्रीजताईला पुन्हा एकदा सांगा. प्राध्यापक भर वर्गात म्हणाले की मायोतून फक्त पाऊस आणि पोरं बाहेर जातात. मी त्यांची छत्री खिडकीतून बाहेर पाठवली. त्यानंतर त्याच वर्गात वही उघडून बसणं मला शोभलं नसतं.)

तुम्ही गेलात आणि आठवड्याभरात डर्वला आली. डब्लिनच्या मासे-खात्याने तिला काटेमुशी शोधायला पाठवलं. काटेमुशी, म्हणजे ती हातभर लांबीची काटेवाली शार्क, तुम्हाला मी काय सांगायची? पण खात्याच्या लेखी ती आता नामशेष व्हायच्या उंबरठ्यावर, पाठीवरचे दोन काटे सावरत, अखेरचा श्वास घेते आहे. गळाला लागलीच तर हळूच सोडवून, जवळजवळ माफी मागून, पाण्यात परत सोडायची. घरी नेलीत तर दंड. आपल्या उपसागरात एखादी तरी उरली आहे का ते पाहायचं, मोजायचं, खूण लावून सोडायचं, हे डर्वलाचं काम. महिनाभर मुदत. तेवढ्यात एकही दिसली नाही तर खातं आपला उपसागर यादीतून कायमचा खोडणार आणि डर्वला परत डब्लिनला जाणार, बिनखिडकीच्या खोलीत बसून दुसऱ्यांनी पाहिलेले मासे मोजायला. तिचं वर्णन मी करत नाही. (लाल केस, मामा. इथे सगळ्यांचेच लाल असतात म्हणाल, पण हे वेगळे लाल.) तिचा आवाज असा आहे की तो ऐकून माणूस आपोआप खरं बोलायला लागतो. आपल्या गावात त्या आवाजाचा काहीही उपयोग झाला नाही.

कारण आपलं गाव. आपल्याकडे माणूस बायकोचं माहेरचं आडनाव सांगेल, डोक्यावरचं कर्ज सांगेल, पण कुठे काय गळाला लागलं ते मरताना पाद्र्यालाही सांगणार नाही. मासे लागले म्हटलं की पुढचा प्रश्न ‘कुठे’. म्हणून मासे लागलेच नाहीत. त्यात काटेमुशी म्हणजे खात्याची लाडकी. ती संपत आली म्हणून धरली तर दंड, आणि आहे असं कळलं तर ‘अरे वा’ म्हणून उपसागरच बंद करतील, ही गावाची खात्री. तेव्हा डर्वला रोज सकाळी धक्क्यावर उभी राहून विचारायची आणि आपले लोक रोज सकाळी तिला टोपी काढून, आदराने, खोटं सांगायचे. मॉसी गॉन म्हणाला, “काटेमुशी? शेवटची माझ्या आजोबांनी पाहिली, बाई. त्यांना रडू आवरेना.” फादर म्हणाले की परमेश्वर देतो आणि परमेश्वर नेतो, आणि लगबगीने सायकलवर बसले. मॅगिनबाईंनी तर तिला घरात नेऊन चहा आणि सोडा ब्रेड दिला, मग तिच्या हातावर हात ठेवून “मनाला लावून घेऊ नकोस गं” असं सांगितलं, जणू मुशी तिच्या नात्यातली होती. आता गंमत पाहा. या सगळ्यांच्या हाताच्या बोटांना पट्ट्या. मॉसीच्या अंगठ्याला, फादरच्या तर्जनीला, मॅगिनबाईंच्या दोन बोटांना. काटेमुशीचा काटा कसा लागतो आणि किती दिवस ठणकतो ते तुम्हाला माहीत आहेच. डर्वलाने विचारलं, “इथे सगळ्यांच्या बोटांना झालंय काय?” मॉसी म्हणाला, “गुलाब. छाटणीचे दिवस आहेत ना.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. कार्नबेगमध्ये, मामा, जिथे वाऱ्याने कोबीसुद्धा उभा राहत नाही.

मी मात्र गप्प होतो. गप्प राहणं आणि खोटं बोलणं यात फरक आहे (हा फरक मी रोज रात्री उशीला समजावून सांगत होतो). एकीकडे तुमची जपमाळ, दुसरीकडे डर्वला. ती सोमवारी सकाळी निघणार आणि आदल्या रविवारी गावाची गळाची स्पर्धा. शनिवारी ती धक्क्यावर एकटीच बसून मोजपट्टी गुंडाळत होती. एकही मासा न मोजलेली कोरी करकरीत मोजपट्टी. तुम्ही असतात तर तुम्हालाही राहवलं नसतं. (कोणाकोणाच्या बाबतीत तुम्हाला राहवलं नाही, ते पुढे येईलच.) तिथे मला युक्ती सुचली. शपथ काय होती? ‘कोणाला सांगायचं नाही.’ बोटीत बसवायचं नाही असं तुम्ही कुठे म्हणालात? डोळ्यांवर टोपी ओढलेल्या माणसाला काही दिसत नाही, आणि ज्याला दिसलं नाही त्याला सांगितलं असं कोणतंही न्यायालय म्हणणार नाही. मी डर्वलाला म्हटलं, “उद्या चल माझ्याबरोबर. पण मी सांगेपर्यंत लोकरीची टोपी नाकापर्यंत.” तिने माझी टोपी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, “या गावात मला आलेलं हे सगळ्यात सरळ आमंत्रण आहे.”

रविवारी देवळातली मासची प्रार्थना आटोपून सगळ्या बोटी रीतीप्रमाणे सुटल्या, म्हणजे जिथे जायचं त्याच्या बरोबर उलट्या दिशेने. मॉसी उत्तरेला, फादर पश्चिमेला, मॅगिनबाई तर किनाऱ्याकडेच वळल्या, काही विसरल्यासारखं करून. मीही दीपगृहाला विनाकारण वळसा घातला. डर्वला पुढच्या फळीवर नाकापर्यंत टोपी ओढून ताठ बसली होती. लाटांचं पाणी तोंडावर येत होतं, ती एका शब्दाने कुरकुरली नाही. मनोरा गोठ्यावर आला, बेटाचं नाक क्रुसाला टेकलं, मी नांगर टाकला आणि त्याच क्षणी धुकं आलं. असं धुकं, की माझीच गळाची काठी मला अर्धी दिसेना. मी म्हटलं, “काढ आता टोपी.” ती काढून म्हणाली, “काढली का? फरक कळत नाहीये.” इतर सगळ्यांच्या बोटीत जागा दाखवणारं यंत्र आहे. आपल्या ‘नोरा’त फक्त तुमच्या शपथा आहेत. पण आम्ही पोचलो होतो.

बांगड्याचा तुकडा लावून गळ सोडला. तळाला टेकतो न टेकतो तोच काठी वाकली. मुशी. दुसऱ्या गळाला, मुशी. तीन गळांच्या दोरीला तीन मुशा, आणि चौथी नुसतीच मागून वर आली, काय चाललंय बघायला. मास सुटल्यावर देवळाच्या दारातून माणसं एकमेकांच्या टाचा तुडवत बाहेर पडतात ना, तशा येत होत्या. कॉड माशाला आमिषाचा वाससुद्धा मिळेना. नामशेष होणाऱ्याने थोडा तरी संकोच बाळगावा की नाही? डर्वला आधी हसली, मग तिचे डोळे भरले, मग बाह्या सरसावून तिने ती कोरी मोजपट्टी काढली. मी वर ओढायचो, ती मोजायची, खूण लावायची, मुशीच्या डोक्यावरून हात फिरवून पाण्यात सोडायची. इतक्या मायेने ती माझ्याशी आजवर बोललेलीसुद्धा नाही, पण माझी तक्रार नाही. तिच्या हाताखालून गेलेल्या एकेका मुशीचा मी हेवा केला, एवढंच. बोटीच्या तळाशी, फळीवर, दोराच्या वेटोळ्यात, जिथे बघावं तिथे आपली पाळी येण्याची वाट पाहणाऱ्या मुशा.

मग आवाज यायला लागले. आधी एक इंजिन आलं आणि बंद झालं. नांगराची साखळी खळखळली. मग दुसरं. मग कोणीतरी नाकात स्तोत्र गुणगुणत आलं आणि एकदम थांबलं. मी डर्वलाच्या तोंडावर बोट ठेवलं (परवानगी घेऊन). धुक्यात चहूकडून फक्त गळाची दोरी गुंडाळणाऱ्या चाकांची किरकिर आणि अधूनमधून कोणीतरी दातांत धरलेला “आई गं”. मला वाटलं, चाललेत बिचारे, चुकून जवळून. प्रत्येकाला तेच वाटत असणार. आणि मग वाऱ्याची एक झुळूक आली, आणि परमेश्वराने पडदा वर ओढावा तसं धुकं उचललं गेलं.

मामा, तुमच्या गुप्त जागेवर सगळं गाव होतं. डावीकडे मॉसी, दगड मारला तर लागेल इतक्या अंतरावर. मागे मॅगिनबाई. समोर फादर कॉनलेथ, दोन्ही हातांत एक वळवळणारी काटेमुशी, बाप्तिस्म्याच्या पोरासारखी धरलेली. मग मॉसी म्हणाला, “इंजिन बंद पडलं. वाहत आलो.” (नांगर टाकून वाहत आलेली आपल्या बंदरातली ही पहिली बोट.) फादर म्हणाले की ते समुद्राला आशीर्वाद द्यायला आले होते.

“आणि हातात काय आहे, फादर?” मॅगिनबाईंनी विचारलं.

“हे? हे आत्ताच आलं. पहिलंच.”

“तुझ्या बादलीमागे काय रे मॉसी, शेपट्या हलतायत?”

“तुम्ही आपल्या बोटीत बघा की, मॅगिनबाई. तिथं काय गुलाब लावलेत?”

तेवढ्यात डर्वला उभी राहिली. केस भिजलेले, कोपरापर्यंत मुशीचा चिकटा. म्हणाली, “मॉसी, तुमच्या आजोबांना सांगा, सापडली. आता डोळे पुसा म्हणावं.”

मॉसीचं तोंड लाल झालं आणि तो माझ्यावर घसरला. “खात्याची बाई घेऊन आलास? माझ्या जागेवर?”

“तुझी जागा? ही बार्ट्लीमामांची जागा आहे.”

“त्यानेच दिली मला. दोन हिवाळे त्याच्या घरात सरपण कोणी टाकलं असं वाटतं तुला? त्याच्या आईच्या जपमाळेवर शपथ घ्यायला लावलीन वर.”

“कसली जपमाळ?” मॅगिनबाई हळूच म्हणाल्या. “निळ्या मण्यांची?”

“हो. का?”

बाईंनी आपल्या जळक्या गोठ्याकडे पाहिलं, मनोरा बरोबर त्याच्या डोक्यावर होता. “त्याची बायको नोरा गेली त्या वर्षी,” त्या म्हणाल्या, “माझाच गोठा मला खूण म्हणून सांगितला मेल्यानं. म्हणाला, लग्न झालं की खडक दोघांचा.” सगळ्यांनी फादरकडे पाहिलं. फादरनी पाण्याकडे पाहिलं. शेवटी म्हणाले की पापनिवेदनात ऐकलेलं सांगता येत नाही, पण ऐकलेल्या ठिकाणी जाता येत नाही असं कुठे लिहिलेलं नाही. म्हणजे तुम्ही गुपितही दिलंत आणि वर पापाची माफीही उकळलीत. धन्य आहात.

मी तरीही तुमची बाजू घेतली, हे लक्षात ठेवा. मॉसीने तुम्हाला खोटारडा म्हटलं. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी ताडकन उठलो, त्याला चार शब्द सुनावले, त्यातले दोन फादरसमोर बोलायचे नव्हते, आणि काठी उगारून म्हटलं की माझ्या मामाने जे केलं ते त्याच्या मनाच्या मोठेपणामुळे, त्याला एकट्याने खाणं जमत नाही. एवढं बोलून मी रुबाबात खाली बसलो. बसलो तो लगेच पुन्हा उठलो, कारण राग अनावर झाला होता. त्याच गडबडीत एका मुशीचा काटा माझ्या डाव्या अंगठ्यात घुसला आणि आतच मोडला. मी चकार शब्द काढला नाही. डर्वलाने माझा हात हातात घेतला, काटा काढला आणि बराच वेळ हात सोडला नाही. त्या दुखण्यासाठी मी सगळ्या मुशांचा ऋणी आहे.

धक्क्यावर परतल्यावर वाटलं होतं, ती सगळ्यांना फाडून खाईल. पण तिने फक्त एवढंच सांगितलं की पहिल्याच दिवशी तिने गावभर फिरून एक तरी गुलाब दिसतो का ते पाहिलं होतं. त्यानंतर ती मासे शोधत नव्हती. खरं कोण बोलतं ते शोधत होती. खातं उपसागर खोडणार नाही आणि बंदही करणार नाही. उलट बोटींनी मोजायला मदत करावी असं तिने लिहिलं आहे. चषक या वर्षी कोणालाच नाही, कारण मुशी स्पर्धेत धरत नाहीत आणि दुसरं काही कोणाला लागलंच नाही. गाव एकमेकांवर रागावू शकत नाही, सगळेच तिथे होते. म्हणून सगळ्यांनी मिळून तुमच्यावर रागवायचं ठरलं आहे. गुडघा बरा व्हायला घाई करू नका.

आईचे आशीर्वाद. ब्रीजताईला आणि कुत्र्याला विचारलंय म्हणून सांगा. कळावे, लोभ आहेच, तो विश्वासासारखा वाटून टाकू नये ही विनंती.

तुमचा (आणि तुमचा एकट्याचाच),
फिंटन

ता. क. तुमच्या खडकाला नकाशात नाव नव्हतं. डर्वलाने मला विचारलं, काय लिहू? मी शपथेला जागून काहीच बोललो नाही. बाकीचे सगळे एका सुरात बोलले. तेव्हा खात्याच्या नव्या नकाशावर तो आता ‘बार्ट्लीचा खडक’ म्हणून छापला जाईल. अभिनंदन.

ता. क. दोन. आता जिच्यासाठी कागद खर्ची घातला ती गोष्ट. सोमवारचं जाणं लांबलं, पण डर्वलाचं इथलं काम आठवड्यात संपेल. त्या पंख पसरून वाळूत पडून राहणाऱ्या चपट्या मुशीबद्दल, जी खात्याच्या मते काटेमुशीच्याही आधी संपली, मी तिला सांगून बसलो आहे की माझ्या मामाने ती पाहिली आहे आणि जागा त्याला पक्की माहीत आहे. ती म्हणाली, असेल तर सप्टेंबरात परत येईन. मामा, अशी एखादी जागा असेल तर खुणा कळवा. नसेल तर नाही असं कळवू नका. कुठलाही मनोरा आणि कुठलाही गोठा चालेल. खोटी असली तरी चालेल, पण लांबची असू द्या. जाऊन यायला अख्खा दिवस जाईल एवढी.

ता. क. तीन. टपालपेटीपर्यंत सायकलने जाणं सध्या जमत नाही, म्हणून पत्र डर्वलाबरोबरच पाठवतो आहे. पाकिटाला डिंक नाही, पण ती दुसऱ्याची पत्रं वाचणाऱ्यांतली नाही.

(खाली वेगळ्या अक्षरात)

बार्ट्लीमामा, नमस्कार. वाचलं. त्याच्या अंगठ्याला काहीही झालेलं नाही. रुबाबात बसला तो मुशीवर बसला. काटा फादर कॉनलेथनी चिमट्याने काढला, मी मान वळवून उभी होते, आणि तो चकार शब्द नाही, बेटावरचे पक्षी उडतील इतका ओरडला. ती चपटी मुशी तुम्ही पाहिलेली नाही हेही मला माहीत आहे. जागा लांबचीच कळवा. बोटीत उशी मी आणते.

डर्वला